विचारा, सांगते : डब्यावर साखर, आत मीठ

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच रडगाण्याची निघाली. गावं वेगळी, कामं वेगळी, पण वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या साइटवर फाइल अपलोड करताना लाल पट्टीत उमटलेला निरोप एकच: माफ करा, या प्रकारची फाइल टाकायची तुम्हाला परवानगी नाही. हा निरोप इंग्रजीत येतो आणि एवढं सांगून गप्प बसतो. अडवलं कोणी, का, आणि आता जायचं कुठल्या टेबलावर, यातलं काही कळत नाही. म्हणून या वेळी प्रिंटर आणि टायपिंगचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमचं सार्वजनिक वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे. जुन्या वार्षिक अंकांची ४३ ई-पुस्तकं दोन मुलींनी उन्हाळाभर बसून तयार केली, ईपब प्रकारात. साइटवर पीडीएफ जाते, ईपब जात नाही. माझा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, कॉन्फिग फाइलीत एक ओळ टाकतो, मग सगळं जाईल. टाकू देऊ का?
– एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

भाच्याला चहा द्या, ओळ टाकू देऊ नका.

ती ओळ मला ठाऊक आहे. वर्डप्रेसच्या मुळाशी डब्ल्यूपी-कॉन्फिग नावाची फाइल असते. तिच्यात ‘अलाऊ अनफिल्टर्ड अपलोड्स’ चालू केलं की ॲडमिनला कुठलीही फाइल टाकता येते. कुठलीही म्हणजे ईपब, आणि तसंच सर्व्हरवर प्रोग्रॅम म्हणून चालणारी पीएचपीसुद्धा. तुम्हाला खिडकीची एक फळी उघडून हवी आहे, तो चौकटीसकट खिडकी काढतोय. बरं, ही सवलत फक्त ॲडमिनला. तुमच्या त्या दोन मुली एडिटर म्हणून आत येत असतील तर त्यांना लाल पट्टी दिसतच राहणार. मग भाचा म्हणेल, त्यांनाही ॲडमिन करून टाकू. एका छोट्या संस्थेच्या साइटला अशा रीतीने नऊ ॲडमिन झालेले मी पाहिलेत. त्यातले दोघे तर संस्था सोडून गेले होते.

ईपब अडतो त्याचं कारण अगदी साधं आहे. वर्डप्रेसकडे परवानगी असलेल्या प्रकारांची एक यादी असते, आणि ईपब त्या यादीत नाही. तो धोकादायक आहे असं कोणी ठरवलेलं नाही. यादीत पीडीएफ आहे, वर्ड-एक्सेल आहे, झिप आहे, फोटोशॉपची पीएसडी आहे. वर्डपरफेक्टसुद्धा आहे. डीटीपीच्या धंद्यात अकरा वर्षं काढली, पण वर्डपरफेक्टची फाइल घेऊन गिऱ्हाईक आल्याचं मला आठवत नाही. आणि जगभरची ई-पुस्तकं ज्या प्रकारात निघतात तो ईपब नाही. असो.

तर आपल्याला यादीत एक नाव वाढवायचंय, एवढंच. त्यासाठी चार ओळींचा कोड पुरतो, पण तो मी इथे छापणार नाही. कंजूषपणा नाही, अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी याच सदरात असाच एक तुकडा दिला होता. आमच्या जुळणीत सरळ अवतरणचिन्हं आपोआप तिरकी झाली, वाचकांनी जसंच्या तसं टाइप केलं, आणि तिघांच्या साइट पांढऱ्याफटक पडल्या. त्यापेक्षा प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, बरं. वर्डप्रेसच्या प्लगइनांत ‘फाइल अपलोड टाइप्स’ शोधा. डब्ल्यूपीफॉर्म्सवाल्यांचं आहे, फुकट आहे. चालू केलं की सेटिंग्जमध्ये त्याच नावाचं पान येतं. तिथल्या यादीत ईपब सापडला तर खूण करा. नाही सापडला तर खाली स्वतःचा प्रकार जोडायला मोकळ्या चौकटी आहेत. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे फाइलीच्या नावाच्या शेपटीच्या, जागी ईपब लिहा. माइम टाइपच्या, म्हणजे आत कुठला माल आहे ते सांगणाऱ्या नावाच्या, जागी इंग्रजीत ‘ॲप्लिकेशन’, मग तिरकी रेघ, मग ‘ईपब’, मग अधिकचं चिन्ह, मग ‘झिप’. सगळं लहान लिपीत, मध्ये कुठेही जागा न सोडता. जतन करा आणि एक अंक टाकून बघा.

४३ अंक टाकून झाले की प्लगइन बंद केलं तरी चालतं. ही तपासणी फाइल आत येताना होते, आत आलेल्या फाइली जागच्या हलत नाहीत. पुढच्या वर्षी ४४वा अंक आला की पुन्हा चालू करा.

आता तुमच्या मुलींसाठी एक गंमत. ईपबची एक नक्कल करा, तिच्या शेपटीला ईपबऐवजी झिप लिहा आणि उघडा. आत चक्क फोल्डर निघतील, कारण ईपब म्हणजे झिपच. त्यात माइमटाइप नावाची एक इवलीशी फाइल असते. तिच्यात तुम्ही वर चौकटीत लिहिलीत तीच अक्षरं असतात, मोजून वीस. नियम असा की ही फाइल गठ्ठ्यात सगळ्यात पहिली हवी आणि ती दाबून लहान केलेली (कॉम्प्रेस) नको. वाचणारं यंत्र पहिले काही बाइट बघूनच ओळखतं की हे पुस्तक आहे. त्यामुळे एखादी चूक सुधारायला ईपब उघडला आणि विंडोजवर फोल्डरावर उजवं क्लिक करून पुन्हा झिप केला, तर हा क्रम बिघडतो. फाइल साइटवर जाईल, पण काही मोबाइलांवर पुस्तक उघडणार नाही आणि वाचक तुम्हाला फोन करेल. दुरुस्ती करायची तर सिजिलसारख्या ईपबच्याच संपादकात करा.

फाइलींची नावं मात्र देवनागरीत ठेवू नका. भाषेचं प्रेम मलाही आहे. वर्डप्रेस देवनागरी नाव स्वीकारतं, पण लिंकमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ इंग्रजी चिन्हं होतात, टक्क्याच्या खुणांसकट. ‘दिवाळी’ या एका शब्दाची ५४. व्हॉट्सॲपवर ती लिंक पाठवली की ती घ्यायची की डिलीट करायची हे समोरच्याला कळत नाही. शिवाय बहुतेक लिनक्स सर्व्हरवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास, आणि काने, मात्रा, वेलांट्या त्यात वेगळ्या मोजल्या जातात. इंग्रजीत ‘वार्षिक’ आणि साल, एवढं नाव पुरे. मराठी शीर्षक पानावर दिमाखात लिहा.

प्रश्न : आमचा नाशिकचा भटक्यांचा गट आहे. घाटवाटांचे जीपीएस ट्रॅक जीपीएक्स फाइलीत साइटवर ठेवायचेत. मी प्लगइन लावलं, जीपीएक्स जोडलं, माइम टाइपही इंटरनेटवर बघून बरोब्बर लिहिला. माझ्या लॅपटॉपवर साइटची नक्कल आहे, तिथे फाइल जाते. खऱ्या साइटवर तीच लाल पट्टी. डोकं चालेना.
– एक ट्रेकर, नाशिक

तुमची फाइल पहिल्या दारातून आत गेली आणि दुसऱ्या दारात अडली.

आमच्या आईच्या मांडणीवर डालडाचे पिवळे डबे होते. एकातही डालडा नव्हता. एकात तुरीची डाळ, एकात शेंगदाणे. बोर्नव्हिटाच्या बाटलीत मोहरी. एका डब्यावर तिने कागद चिकटवून ‘साखर’ लिहिलं होतं आणि आत खडेमीठ होतं. मुंग्या फसतात म्हणायची. मुंग्या काही फसल्या नाहीत, पाहुणे फसले. फाइलीचं एक्स्टेन्शन म्हणजे तो चिकटवलेला कागद. तो कोणीही बदलू शकतं.

वर्डप्रेस पूर्वी मुख्यतः कागद वाचून सोडायचं. जानेवारी २०१७ च्या ४.७.१ आवृत्तीत ते झाकण उघडून बघायला लागलं. त्यात इतक्या सरळमार्गी फाइली अडकल्या की पुढच्या आवृत्त्यांत हात सैल करावा लागला. मग डिसेंबर २०१८ मध्ये ५.०.१ आली आणि नियम पक्का झाला: वरचं नाव आणि आतला माल जुळला पाहिजे. तेव्हा तक्त्यांच्या सीएसव्ही फाइलींवरून बराच गदारोळ झाला होता. माझ्याकडे एका आठवड्यात चार फोन, सगळे हिशेबनिसांचे.

आत डोकावायचं काम सर्व्हरवरची फाइलइन्फो नावाची पीएचपीची सोय करते. जीपीएक्स हा आतून साधा एक्सएमएल मजकूर. तुम्ही चौकटीत ‘ॲप्लिकेशन, जीपीएक्स अधिक एक्सएमएल’ असा रीतसर प्रकार लिहिलात. सर्व्हरच्या फाइलइन्फोने झाकण उघडलं आणि म्हणाली, मला तर हा ‘टेक्स्ट, एक्सएमएल’ दिसतो. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी आहेत, पण अक्षरं जुळत नाहीत, आणि वर्डप्रेस इथे अक्षरं जुळवून बघतं. लॅपटॉपवरच्या आणि होस्टिंगवरच्या पीएचपीचं वय वेगळं असलं की दोघींची उत्तरंही वेगळी येतात. तुमचं डोकं तिथेच अडलंय.

तर चौकटीतला माइम टाइप बदला. ‘टेक्स्ट’, तिरकी रेघ, ‘एक्सएमएल’ असं लिहून बघा. बहुतेक काम होईल. नाही झालं तर ‘ॲप्लिकेशन’, तिरकी रेघ, ‘एक्सएमएल’. तरीही अडलं तर होस्टिंगवाल्यांना अंदाजपंचे तक्रार न करता नेमकं विचारा: तुमच्या सर्व्हरची फाइलइन्फो माझ्या या फाइलीला काय म्हणते? नमुन्याची फाइल सोबत जोडा. या प्रश्नाला ‘कॅशे क्लिअर करा’ असं उत्तर देता येत नाही.

वरच्या ग्रंथपालांना ही अडचण का येणार नाही? झिपच्या बाबतीत वर्डप्रेस जरा समजूतदार आहे. माइम टाइप ‘ॲप्लिकेशन’ने सुरू होत असेल आणि फाइलइन्फो नुसतं ‘झिप आहे’ म्हणाली, तर ते सोडून देतं. यावरून तुमच्यासाठीही एक पळवाट निघते: ट्रॅक झिप करून ठेवा, झिपला मुळात परवानगी आहेच. पण ज्याला बेलपाड्यात पहाटे पाच वाजता नळीच्या वाटेचा ट्रॅक फोनवर हवाय, त्याला झिप उघडायला लावू नका. थंडीत बोटं चालत नाहीत.

आणि न विचारलेलं एक. तुम्ही नमुन्याला पाठवलेली फाइल मी नोटपॅडात उघडली. पहिला बिंदू गडाच्या पायथ्याचा नाही. तुमच्यापैकी कोणाच्या तरी सोसायटीच्या फाटकाचा आहे, रात्री ११ वाजून ४० मिनिटांचा. घड्याळ घरीच चालू केलंत. ट्रॅक जगासमोर ठेवण्याआधी सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा छाटा. कोणाचं घर कुठे आणि ते कुठल्या शनिवारी बंद असतं, हे फुकट सांगायची गरज नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या साइटवर नोकरीच्या अर्जाचा फॉर्म आहे. उमेदवार आयफोनवरून फोटो जोडतात, ते एचईआयसी असतात, फॉर्म घेत नाही. अर्जाची मुदत संपत आलीय आणि फोन थांबत नाहीत. ‘परवानगी असलेले प्रकार’ ही चौकट रिकामी सोडली किंवा तिथे चांदणीची खूण (*) टाकली तर सगळंच येईल ना?
– एक लिपिक, अमरावती जिल्हा

येईल. काही फॉर्मांत तर सगळंच येईल. म्हणूनच करू नका.

हे मी केलंय, म्हणून सांगते. २०१४ साल, मार्चचा शनिवार. एका संस्थेसाठी असाच अर्जाचा फॉर्म होता, मीच लिहिलेला. दुपारी फोन आला: उद्या शेवटची तारीख, पोरांच्या फाइली जात नाहीत, साहेब ओरडताहेत. माझ्या हातात पोळपाट-लाटणं. फाइलीचा प्रकार तपासणाऱ्या ओळीपुढे मी दोन तिरक्या रेघा मारल्या, म्हणजे ती ओळ झोपली. सोमवारी उठवू म्हटलं.

तो सोमवार आलाच नाही. ऑक्टोबरात, पाडव्याच्या सकाळी पुन्हा फोन. गूगलवर संस्थेचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरं दिसताहेत, चपला आणि पर्सा स्वस्त मिळतील म्हणून. अपलोड्सच्या फोल्डरात उमेदवारांच्या शे-दीडशे बायोडाटांमध्ये एक बायोडाटा जेमतेम चार केबीचा होता आणि त्याची शेपटी पीएचपीची. नाव काय तर रेझ्युमे-फायनल. कोणीतरी अर्जदार बनून तो जोडला होता आणि मग ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता उघडला होता. सर्व्हरने तो फाइल म्हणून दाखवला नाही, प्रोग्रॅम म्हणून चालवला. मी तो काढला, तासाभरात परत आला. थीमच्या फोल्डरात त्याची पिलं होती. शेवटी सगळं पुसून जुना बॅकअप लावला, आणि मधल्या तीन महिन्यांच्या नोटिसा हाताने पुन्हा टाइप केल्या. नवऱ्याला ओवाळायचं राहून गेलं. तो अजूनही दर पाडव्याला ताटापुढे बसताना विचारतो, सर्व्हर ठीक आहे ना?

तेव्हा साइटच्या आत लॉगिन करून फाइल टाकणारा माणूस वेगळा आणि रस्त्यावरून येऊन फॉर्मला फाइल जोडणारा वेगळा. पहिल्याला तुम्ही ओळखता. दुसऱ्यासाठी नावं मोजूनच लिहायची: जेपीजी, जेपीईजी, पीएनजी, पीडीएफ आणि तुमच्या गरजेपुरतं एचईआयसी. बस. तयार प्लगइनचे फॉर्म माझ्या त्या फॉर्मपेक्षा पुष्कळ शहाणे असतात, पण चूक त्यांचीही होते. लाखो साइटांवर असलेल्या कॉन्टॅक्ट फॉर्म सेव्हनमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अशीच फट सापडली होती. फाइलीच्या नावात एक विशिष्ट चिन्ह घातलं की तपासणी चकायची. ५.३.२ आवृत्तीत ती बुजवली. प्लगइन अपडेट करायचा आळस करू नका, तो यासाठी.

होस्टिंगवाल्यांकडून एक काम आजच करून घ्या. अपलोड्सच्या फोल्डरात पीएचपी चालता कामा नये, असं त्यांना लिहून कळवा. फाइल आली तरी ती नुसती पडून राहील. माझ्याकडे २०१४ ला एवढं एक असतं तर पाडवा घरी झाला असता.

आता आयफोन. २०१७ च्या आयओएस ११ पासून त्याचा कॅमेरा फोटो एचईआयसीत साठवतो, जागा वाचते म्हणून. वर्डप्रेसचं ६.७ आल्यापासून मीडिया लायब्ररीत टाकलेली एचईआयसी आपोआप जेपीईजी होते, अर्थात सर्व्हरवर चित्रं हाताळणाऱ्या इमेजमॅजिकला तो प्रकार कळत असेल तर. पण तुमचे फोटो मीडिया लायब्ररीतून येत नाहीत, फॉर्ममधून येतात, त्यामुळे यावर विसंबू नका. एचईआयसीला परवानगी दिली तरी कार्यालयातल्या जुन्या विंडोजवर ती उघडायची पंचाईत होईल, हेही बघा. त्यापेक्षा फॉर्मवर मराठीत दोन ओळी लिहा: आयफोनधारकांनी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं आणि फोटो पुन्हा काढावा. फोन निम्म्यावर येतील. उरलेले निम्मे वाचत नाहीत, त्यांना तुम्ही तरी काय करणार.

प्रश्न : माझा आगळ, आमसोलं आणि लोणच्यांचा घरगुती व्यवसाय आहे. मडगावच्या डीटीपीवाल्याने लोगो एसव्हीजीत दिलाय. साइट घेत नाही. एकाने सांगितलं एसव्हीजीत व्हायरस असतो. चित्रात कसला व्हायरस?
– एक उद्योजिका, फोंडा, गोवा

तो एक जण अर्धं बरोबर बोलला. एसव्हीजी चित्र दिसतं, पण आहे मजकूर. नोटपॅडात उघडून बघा: ही रेघ इथून तिथे, हा रंग, हे वर्तुळ, अशा सूचना लिहिलेल्या दिसतील. पाककृती म्हणा ना. आणि त्या पाककृतीत कोणी ‘स्क्रिप्ट’ म्हणून प्रोग्रॅमही लिहून ठेवू शकतं. पानावर चित्र म्हणून लावलेल्या एसव्हीजीतली स्क्रिप्ट ब्राउझर चालवत नाही. पण कोणी त्या फाइलीचा पत्ताच थेट उघडला तर ती चालते, आणि तीही तुमच्या साइटच्या नावावर. त्या क्षणी उघडणारी व्यक्ती ॲडमिन म्हणून लॉगिन केलेली तुम्हीच असलात, तर तुमच्या हाताने ती स्क्रिप्ट काहीही करवून घेऊ शकते. म्हणून वर्डप्रेसने एसव्हीजीला मुद्दाम बाहेर ठेवलंय. ईपबसारखं ते राहून गेलेलं नाही.

तुमच्या ओळखीच्या डीटीपीवाल्याने केलेला लोगो निर्धास्त घ्या, पण वाट नीट घ्या. टेनअप या कंपनीचं ‘सेफ एसव्हीजी’ प्लगइन लावा. ते एसव्हीजीला परवानगी देतं आणि आत घेतानाच नको ते भाग खरवडून काढतं. कोणाकोणाला एसव्हीजी टाकता यावी हेही त्यात ठरवता येतं, तिथे फक्त ॲडमिनला ठेवा. फुकटच्या चिन्हांच्या साइटवरून उचललेल्या एसव्हीजी मात्र या प्लगइनशिवाय घालू नका.

एवढं करूनही लाल पट्टी आली तर फाइलीची पहिली ओळ बघा. ती ‘एक्सएमएल’ची आवृत्ती सांगणारी हवी. कोणी फाइल हलकी करताना ती ओळ उडवलेली असते आणि मग काही सर्व्हरांना हे चित्र आहे की नुसता मजकूर, हेच उमगत नाही. वरचं मिठाच्या डब्याचं प्रकरण पुन्हा.

आणि डीटीपीवाल्याला विचारा, अक्षरं कर्व्ह केलीस का? हा प्रश्न मी धंद्यात असताना दिवसातून वीसदा विचारायचे. लोगोत ‘आगळ’ हे अक्षर त्याच्या संगणकावरच्या सुलेखनी फॉन्टात झोकदार दिसत असेल. तो फॉन्ट गिऱ्हाइकाच्या फोनवर नाही. तिथे दुसराच कुठला तरी फॉन्ट येऊन बसेल, आणि डीटीपीवाल्याने जुना बिगर-युनिकोड फॉन्ट वापरला असेल तर ‘आगळ’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. कोरलमध्ये अक्षरं निवडून कंट्रोल-क्यू दाबलं की अक्षराच्या रेघा होतात, मग फॉन्टची गरज उरत नाही. ‘कर्व्ह करून दे’ एवढं म्हणा, त्याला कळेल. एसव्हीजीचा हा सगळा व्याप नको असेल तर हजार पिक्सेल रुंदीची, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी मागा. लोणच्याच्या बरणीच्या साइटला ती पुरून उरते.

प्रश्न : आमच्या १४ शाळांच्या साइट एकाच वर्डप्रेस नेटवर्कवर आहेत. पालकांसाठी मराठी फॉन्टची टीटीएफ फाइल ठेवायचीय. नेटवर्कच्या यादीत टीटीएफ लिहिलं, तरी जात नाही.
– संगणक शिक्षक, सांगली

नेटवर्कची यादी नवं काही आणत नाही, मूळ यादीतलंच निवडते. टीटीएफ मूळ यादीत नाही, मग निवडणार काय? झिप मात्र मूळ यादीत आहे आणि नेटवर्कच्या तयार यादीत सहसा नसतं. तेव्हा टीटीएफ खोडा, तिथे झिप लिहा, आधी टिंब न देता, मध्ये एक जागा सोडून, आणि फॉन्ट झिप करून ठेवा. तसाही बऱ्याच फॉन्टांबरोबर परवान्याचा कागद असतो, तोही त्याच गठ्ठ्यात जाईल. परवाना वाचा मात्र. बाजारातले विकत घेतलेले मराठी फॉन्ट असे वाटता येत नाहीत. ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्यांचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वाटता येतो, त्याचा परवाना खुला आहे.

त्याच पानावर, यादीच्या शेजारी फाइलीच्या कमाल आकाराची चौकट आहे. तिच्यात मुळात १५०० केबी असतात. मुक्ताची सगळी वजनं एका झिपमध्ये घातलीत तर ती तेवढ्यात मावायची नाही, आणि मग येणारा निरोप वेगळा असेल. पुढचं पत्र टाकण्याआधी तो आकडा वाढवून बघा.